पार्किंग भरलेलं, स्टेडियम रिकामं

(दृश्य : ओकलंडच्या कोलिझियम स्टेडियमचं पार्किंग, संध्याकाळ. ढोल वाजतायत.)

२८ मार्च २०२४. ओकलंड ॲथलेटिक्स या बेसबॉल संघाच्या मोसमाचा पहिला सामना, समोर क्लीव्हलँड. सामना आत चालू आहे आणि ही सगळी मंडळी बाहेर आहेत. मुद्दाम बाहेर आहेत. आत पाऊल टाकायचं नाही, पण घरीही बसायचं नाही, असं चाहत्यांच्या संघटनांनी ठरवलंय. शेगड्या पेटल्यात, पोरं हातात ग्लव्ह घालून गाड्यांच्या रांगांमधून चेंडू फेकतायत. हिरव्या टी-शर्टांवर एकच मागणी : संघ लास व्हेगासला न्यायला निघालेले मालक जॉन फिशर यांनी तो विकावा.

आत संघ ०-८ असा हरला. प्रेक्षकांचा अधिकृत आकडा, १३,५२२.

असे आकडे पुढे करून वर्षानुवर्षं सांगितलं गेलं की ओकलंडच्या लोकांना बेसबॉल नकोच आहे. म्हणून या रिकाम्या खुर्च्या दाखवताना त्या रिकाम्या कशा झाल्या तेही सांगायला हवं.

२०२१ मध्ये याच संघानं ८६ सामने जिंकले होते. पुढच्या मोसमासाठी सीझन तिकिटांचे दर वाढवले गेले. आणि २०२२ च्या मार्चमध्ये, काही दिवसांच्या आत, मॅट ओल्सन अटलांटाला गेला, मॅट चॅपमन टोरंटोला, ख्रिस बॅसिट न्यूयॉर्क मेट्सकडे. ज्यांच्या नावाची जर्सी पोरांनी हट्ट करून घेतली होती, ते खेळाडू एकेक करून दुसऱ्या गावचे झाले. २०२३ मध्ये १६२ पैकी ११२ सामने हरले. प्रेक्षक गेले ते यानंतर. हा क्रम महत्त्वाचा आहे.

(दृश्य : १३ जून २०२३, भरलेले स्टँड.)

त्याच पडत्या वर्षात लोकांनी ठरवलं, एक रात्र दाखवूनच देऊ. उलटा बहिष्कार : यायचं, झाडून सगळ्यांनी यायचं. मंगळवारची रात्र होती, तरी २७,७५९ जण आले. पाचव्या डावाच्या सुरुवातीला पहिला फलंदाज उभा राहिला तेव्हा अख्खं स्टेडियम ठरवून गप्प. त्या फलंदाजाची पाळी संपताच सगळे एका आवाजात ओरडले, संघ विका. टॅम्पा बे त्या वेळी लीगमध्ये अव्वल होता. त्याला ओकलंडनं २-१ हरवलं. सलग सातवा विजय.

पाच महिन्यांनी सगळ्या संघमालकांनी एकमतानं संघ लास व्हेगासला हलवायला मंजुरी दिली.

(दृश्य : बार्ट या लोकल रेल्वेच्या स्टेशनकडून येणारा पादचारी पूल.)

हा पूल फ्रीमाँट, सॅन होजेकडच्या मराठी मंडळींच्या ओळखीचा असेल. गाडी कोलिझियम स्टेशनात शिरताना खिडकीतून हा राखाडी वाडगा दिसतोच. संघ एकदा फ्रीमाँटलाच न्यायचं घाटत होतं. २००६ मध्ये ती योजना जाहीर झाली, २००९ मध्ये बारगळली. नंतर सॅन होजे, नंतर ओकलंडचंच बंदर. नकाशे निघत राहिले, वीट एकही रचली गेली नाही.

आता समोरची ही काँक्रीटची भिंत नीट पाहा. १९६६ मध्ये स्टेडियम उघडलं तेव्हा इथून ओकलंडच्या टेकड्या दिसायच्या. रेडर्स हा फुटबॉल संघ लॉस एंजेलिसहून परत यावा म्हणून १९९५-९६ मध्ये सरकारी कर्ज काढून हा उंच स्टँड बांधला. टेकड्या झाकल्या गेल्या. रेडर्स पुढे लास व्हेगासला निघून गेले, भिंत राहिली. बेसबॉलसाठी वरच्या खुर्च्या ताडपत्रीखालीच असत.

मैदान समुद्रसपाटीच्या खाली आहे, त्यामुळे ड्रेनेज तुंबायचं. २०१३ मध्ये घाण पाणी ड्रेसिंग रूममध्ये शिरलं आणि दोन्ही संघांना वरच्या मजल्यावर रेडर्सच्या खोलीत जाऊन आंघोळ करावी लागली. बातमी जगभर फिरली. ते खरंच आहे. पण याच वाडग्यात १९७२, ७३, ७४ अशी सलग तीन वर्षं वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाचं अजिंक्यपद, आलं, १९८९ मध्ये चौथं. त्या वर्षी समोर खाडीपलीकडचेच सॅन फ्रान्सिस्को जायंट्स होते, आणि मध्येच भूकंप होऊन मालिका थांबली होती. २००२ मध्ये इथंच सलग विसावा विजय झाला.

आणि हे ढोलवाले. उजव्या बाजूच्या स्वस्त बाकांवरचे. हरत्या सामन्यातही यांचा ठेका चुकत नाही. कॅमेरा जरा त्यांच्या हातांवर राहू दे.

(दृश्य : सामन्यांची झलक.)

२०२४ चा संघही पोरसवदा, पण जिद्दीचा होता. ब्रेंट रूकरनं ३९ होम रन, म्हणजे थेट कुंपणापलीकडचे फटके, मारले. लॉरेन्स बटलरनं एकाच महिन्यात दोनदा, एकेका सामन्यात तीन-तीन. मेसन मिलरचे चेंडू ताशी शंभर मैलांच्या वर. ६९ विजय, ९३ पराभव. आदल्या वर्षीपेक्षा १९ विजय जास्त.

(दृश्य : २६ सप्टेंबर २०२४, गुरुवार दुपार.)

घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना, समोर टेक्सास रेंजर्स. पहिले मानाचे चेंडू टाकायला रिकी हेंडरसन आणि डेव्ह स्ट्युअर्ट आले. दोघंही ओकलंडचेच. रिकींनी कारकिर्दीत १,४०६ बेस चोरले, म्हणजे फटका न लागताच धावून पुढचा थांबा गाठला, आजवर दुसरं कुणी तिथं पोचलेलं नाही. या मैदानाला त्यांचंच नाव आहे. त्याच डिसेंबरात ते गेले.

आज ४६,८८९ प्रेक्षक आहेत. ओकलंडला बेसबॉल नको होतं म्हणणाऱ्यांनी हे स्टँड पाहावेत.

ओकलंड ३-२ नं पुढे. शेवटच्या डावात चेंडू मिलरकडे. फलंदाजाचा फटका घरंगळत तिसऱ्या बेसकडे, तिथून फेक पहिल्या बेसवर. बाद.

मॅनेजर मार्क कॉटसे कधीकाळी याच संघाकडून खेळले होते. त्यांनी माइक हातात घेतला, लोकांचे आभार मानले, आणि ओकलंडच्या नावाची घोषणा स्वतःच द्यायला सुरुवात केली. मग कठड्याशी रांग लागली. मैदान राखणारे कर्मचारी फावड्यानं माती उचलून लोकांपुढे करतायत. कुणी बिअरचा पेला धरलाय, कुणी पिशवी. मातीत बारीक लाल खडे दिसतायत बघा.

(इथं निवेदन नाही. मैदानाचा आवाज तसाच ठेवणे.)

२०२५ पासून संघ सॅक्रामेंटोच्या एका छोट्या मैदानात खेळतो, लास व्हेगासचं स्टेडियम होईपर्यंत. नावापुढे कुठल्याच शहराचं नाव लावत नाहीत, नुसतंच ॲथलेटिक्स.

(दृश्य : रायमंडी पार्क, पश्चिम ओकलंड.)

हे ओकलंड बॉलर्स. पायोनियर लीग या छोट्या बेसबॉल स्पर्धेतला हा संघ २०२४ मध्ये पहिल्यांदा मैदानात उतरला. याचे शेअर चाहत्यांना विकलेत, ज्यानं घेतला तो मालक. पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, त्यांनी लीगचं विजेतेपद मिळवलं.