दहा बाइटांची नोंद

(पडद्यावर: एका ओळीत लिहिलेली जेसन नोंद. कर्सर एकेका अक्षरावरून सरकतो आणि बाजूला आकडा वाढत जातो.)

एका हवामान सेन्सरची ही एक नोंद, जेसनमध्ये, म्हणजे नाव आणि किंमत अशा जोड्यांच्या साध्या मजकुरात लिहिलेली. बायनरी फॉरमॅटमध्ये, म्हणजे थेट बाइटांत, ती किती आखूड लिहिता येईल ते पाहू. तिच्यात तीनच गोष्टी आहेत. सेन्सरचा क्रमांक ३००. तापमान उणे साडेचार अंश, तेही अंशाच्या दशांशात मोजलेलं, म्हणजे उणे ४५. आणि वेळ, १९७० पासूनच्या सेकंदांत: १७०,००,००,०००. फील्डची नावं रोमन लिपीत सेन्सर, टेम्प आणि टाइम. मध्ये एकही मोकळी जागा न सोडता ही नोंद ४३ बाइट घेते. त्यातले खरे आकडे १६ बाइटांचे. बाकीचे २७ नावांत, अवतरणचिन्हांत, कंसांत आणि स्वल्पविरामांत जातात. पुढच्या नोंदीत तीच नावं पुन्हा, त्यापुढच्या नोंदीतही पुन्हा.

पहिला विचार सुचतो तो सरळ असतो. नावं टाकून द्या. क्रमांकाला दोन बाइट, तापमानाला दोन, वेळेला चार. एकूण आठ. ४३ वरून ८ वर! इथं काम संपलं असं वाटतं, आणि बरीच फॉरमॅट्स इथंच फसतात.

(पडद्यावर: आठ-आठ चौकोनांच्या दोन रांगा. पहिल्या रांगेच्या शेवटी एक नववा चौकोन चिकटतो.)

सहा महिन्यांनी कोणी आर्द्रता जोडतं. एकच बाइट, किंमत ६१. नवा प्रोग्रॅम आता नऊ बाइटांची नोंद लिहितो. जुना प्रोग्रॅम मात्र अजून आठ-आठ बाइटच वाचतोय. पहिली नोंद त्याला बरोबर मिळते. दुसरी नोंद तो एक बाइट आधी सुरू करतो. बाइट खालचा आधी, वरचा नंतर असे लिहिले आहेत, म्हणून ३०० चे बाइट ४४ आणि १, उणे ४५ चे २११ आणि २५५. आर्द्रतेचे ६१ आणि त्यामागून आलेला ४४ हे दोन बाइट मिळून त्याच्या दृष्टीनं सेन्सरचा क्रमांक होतात: ११३२५. त्यापुढचे १ आणि २११ हे बाइट तापमान ठरतात: उणे ११५१.९ अंश. निरपेक्ष शून्य उणे २७३.१५ वर आहे. हे तापमान विश्वात कुठेच नसतं, तरी प्रोग्रॅम तक्रार करत नाही. त्याला दोन बाइट हवे होते, ते त्याला मिळाले.

म्हणून बायनरी फॉरमॅट आखताना किती बाइट वाचले हे मोजण्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो: ज्या वाचकाला हे फील्ड माहीतच नाही, तो ते ओलांडून पुढे जाऊ शकेल का?

त्याची सोय अशी करता येते. प्रत्येक फील्डला नावाऐवजी क्रमांक द्यायचा. तो क्रमांक ८ नं गुणून त्यात फील्डचा प्रकार मिळवायचा. हा झाला टॅग. प्रकार शून्य म्हणजे लांबी बदलती असलेली संख्या. प्रकार दोन म्हणजे आधी लांबी, मग तितके बाइट. प्रकार पाच म्हणजे नेमके चार बाइट. गुगलनं २००८ मध्ये खुल्या केलेल्या प्रोटोकॉल बफर्समध्ये हीच मांडणी आहे. १ ते १५ क्रमांकांच्या फील्डचा टॅग एका बाइटात मावतो, १६ पासून दोन लागतात. त्यामुळे प्रत्येक नोंदीत येणाऱ्या फील्डना पहिले पंधरा क्रमांक राखून ठेवायचे.

आता ३०० लिहू.

(पडद्यावर: ३०० चे बिट, उजवीकडून सात-सातच्या गटांत तुटतात.)

३०० म्हणजे १२८ च्या दोन पटी आणि वर ४४. आधी खालचे सात बिट, म्हणजे ४४. अजून बाइट येणार आहे हे सांगायला वरचा आठवा बिट लावला की त्याचे १७२ होतात. मग उरलेले २. सेन्सर हे पहिलं फील्ड, प्रकार शून्य, म्हणजे टॅग ८. अख्खं फील्ड तीन बाइटांत बसतं: ८, १७२, २. १२८ पेक्षा लहान बाइट दिसला की संख्या संपली, इतकं साधं.

उणे संख्या इथं घात करते. उणे ४५ चौसष्ट बिटांत नेहमीच्या पद्धतीनं मांडले तर वरचे सगळे बिट १ असतात, आणि सात-सात बिटांनी लिहिताना दहा बाइट लागतात. उपाय झिगझॅग. शून्याला ०, उणे एकला १, अधिक एकला २, उणे दोनला ३. या क्रमानं उणे ४५ ला ८९ मिळतात आणि ते एका बाइटात मावतात. टॅग १६, किंमत ८९.

वेळेसाठी मात्र ही बदलती लांबी तोट्याची. चार बाइटांत सात-सात बिट म्हणजे एकूण २८ बिट मावतात, २६ कोटी ८४ लाखांच्या आसपास. आपली वेळ १७० कोटी, तिला पाच बाइट लागतील. म्हणून इथं ठरावीक चार बाइटच घ्यायचे, चिन्हाशिवाय. चिन्ह ठेवलं तर २०३८ मध्ये मर्यादा संपते, काढलं तर २१०६ पर्यंत पुरते. तिसरं फील्ड, प्रकार पाच, म्हणजे टॅग २९, पुढे चार बाइट.

तीन, दोन आणि पाच, एकूण दहा. आठपेक्षा दोन जास्त. पण आता आर्द्रता ३२, ६१ अशी आली, तर जुना प्रोग्रॅम ३२ ला ८ नं भागून पाहतो: फील्ड चौथं, आपल्याला अनोळखी, प्रकार शून्य. मग १२८ पेक्षा लहान बाइट येईपर्यंत सरकतो आणि पुढचं फील्ड जागेवर सापडतं. ते दोन बाइट याच्यासाठीच मोजले. फाइलमध्ये अशा नोंदी एकामागोमाग ठेवायच्या तर प्रत्येकीआधी तिची लांबी हवी. तो अकरावा बाइट.

मेसेजपॅक आणि सीबॉर या दुसऱ्या दोन बायनरी फॉरमॅटची वाट वेगळी. त्यांत वेगळा आराखडा न देताही नोंद वाचता येते, पण त्यासाठी नावं नोंदीतच राहतात. हीच नोंद दोन्हींत २८ बाइट घेते. अनोळखी हातांत जाणाऱ्या डेटासाठी ही किंमत मला रास्त वाटते.

क्रमांक एकदा दिला की तो त्या फील्डचाच. आर्द्रता काढून टाकली तरी ४ हा क्रमांक पुन्हा वापरायचा नाही. वापरला, तर जुन्या फाइलमधली आर्द्रता नव्या प्रोग्रॅममध्ये वाऱ्याचा वेग म्हणून उगवते, आणि आकडा पटण्याजोगा असल्यानं कोणाला संशयही येत नाही. दुसरं, शून्य आणि नसणं वेगळं ठेवा. किंमत शून्य म्हणून फील्ड लिहिलंच नाही, तर शून्य अंशाची थंडी आणि बंद पडलेला सेन्सर सारखेच दिसतात.

(पडद्यावर: पीएनजी चित्राच्या फाइलचे पहिले आठ बाइट, एकेक उजळत जातात: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०.)

फाइलची सुरुवात कशी करावी हे पीएनजीकडून शिकावं. १३७ मध्ये आठवा बिट लागलेला आहे. वाटेत कोणी सातच बिट पाठवले तर तो लगेच बिघडतो. पुढचे तीन बाइट म्हणजे पी, एन, जी ही अक्षरं. १३ आणि १० ही जोडी ओळ संपल्याची खूण. मजकूर समजून कोणी ती बदलली की चोरी पकडली जाते. २६ मुळे डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये फाइल पडद्यावर छापायला गेलं तर छपाई तिथंच थांबते. शेवटचा एकटा १० उलट्या दिशेचा बदल पकडतो. आठ बाइटांत इतके पहारे! पुढच्या प्रत्येक तुकड्याच्या नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल असेल तर तो समजल्याशिवाय चित्र नीट दाखवता येत नाही, स्मॉल असेल तर खुशाल ओलांडा. ओलांडण्याची परवानगी अक्षराच्या एका बिटात.

वाचणारा कोड लिहिताना फाइलवर विश्वास ठेवू नका. पाच बाइटांत चारशे कोटींची लांबी लिहिता येते. ती खरी मानून मेमरी मागितली की प्रोग्रॅम आडवा. आधी पाहा, फाइलमध्ये तेवढे बाइट उरले आहेत का. बदलत्या संख्येला दहा बाइटांची मर्यादा घाला. नोंदीत नोंद किती खोल जाऊ शकते, तेही ठरवून ठेवा. १२८, ० हे दोन बाइटसुद्धा शून्यच सांगतात, म्हणून बाइटांवर डिजिटल सही करायची असेल तर सर्वांत आखूड रूपच मान्य करा.

सी भाषेतला स्ट्रक्ट, म्हणजे मेमरीत एकत्र ठेवलेल्या फील्डचा गट, जसाच्या तसा फाइलमध्ये ओतू नका. एक, चार आणि एक बाइटांची तीन फील्ड मेमरीत बहुतेक वेळा सहा नव्हे, बारा बाइट घेतात, कारण कंपायलर मध्ये आणि शेवटी रिकामे बाइट भरतो. बाइटांचा क्रमही यंत्रागणिक बदलू शकतो. फॉरमॅटमध्ये एक क्रम लिहून ठेवा आणि बाइट एकेक करून लिहा.

अजून जागा वाचवायची असेल तर नोंदींचे गट करा. दर दहा सेकंदांनी वाचन होत असेल, तर गटाच्या सुरुवातीला पूर्ण वेळ आणि पुढे फक्त फरक: १०, १०, १०. चार बाइटांचं काम एकात होतं. मात्र मधली नोंद थेट काढता येत नाही, गटाच्या आरंभापासून बेरीज करत यावं लागतं. गट हजार नोंदींचा ठेवला आणि त्याच्या शेवटी चार बाइटांचा सीआरसी, म्हणजे बिघाड पकडणारा पडताळणीचा आकडा, दिला, तर वीज गेल्यावर फार तर शेवटचा गट हातचा जातो.

(पडद्यावर: एक छोटी फाइल. शेवटून एकेक बाइट पुसला जातो.)

चाचणीसाठी हातानं मोजून लिहिलेली दहा बाइटांची नोंद कोडमध्ये ठेवा: ८, १७२, २, १६, ८९, २९ आणि वेळेचे चार. प्रत्येक जुन्या आवृत्तीची एक फाइलही जपून ठेवा. मग नमुन्याची फाइल घ्या आणि ती शून्य बाइटांपासून पूर्ण लांबीपर्यंत प्रत्येक ठिकाणी कापून वाचायला द्या. प्रत्येक कापावर प्रोग्रॅमनं नेमक्या कितव्या बाइटवर काय अपुरं पडलं ते सांगून थांबायला हवं. कापलेल्या फाइलमधून एकदाही उणे ११५१.९ बाहेर पडता कामा नये.