डब्यावर न लिहिलेलं

(दृश्य : पहाट. दांडिया बाजार. व्यायाममंदिराचं दार, आत मल्लखांब.)

बडोद्याला अंग कमावण्याचं वेड नवं नाही. इथे दांडिया बाजारात प्रोफेसर माणिकरावांनी आपले गुरू जुम्मादादा यांच्या नावानं व्यायाममंदिर चालवलं. मराठी घरांतली पोरं इथेच जोर-बैठका काढत मोठी झाली. खुराक म्हणजे दूध, बदाम, भाकरी. काय पोटात जातंय, ते घरात सगळ्यांना दिसायचं.

(दृश्य : रात्र. जिम. शेकरचा खडखडाट.)

हा मुलगा २४ वर्षांचा. चेहरा दाखवत नाही आम्ही. जिममधल्या एका दादानं त्याला डबा दिला, ‘मसल बूस्टर, एकदम नॅचरल’ म्हणून. तीन महिन्यांत दंड भरले, शर्ट उसवायला लागले. मग स्तनाग्रामागे दुखरी गाठ हाताला लागली. तो ढगळ टी-शर्ट घालायला लागला. आईला वाटलं, फॅशन असेल.

जिमच्या भाषेत हा ‘गायनो’. घडतं असं, की बाहेरून टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनसारखा माल, म्हणजे स्टेरॉइड, यायला लागला की मेंदूच्या तळाशी बसलेली पिट्युटरी ग्रंथी समजते, साठा भरपूर आहे. ती वृषणांना निरोप धाडायचं थांबवते. वृषणं आक्रसतात, शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात. वरचं काही टेस्टोस्टेरॉन शरीर इस्ट्रोजेन या बायकी हार्मोनमध्ये बदलतं. गाठ त्याची.

आणि डबा बंद केला म्हणून आतलं काम लगेच सुरू होत नाही. महिने जातात, कुणाकुणाचं वर्ष उलटतं. तोवर अंगात त्राण नाही, मन खाली, कशाची इच्छा नाही. पोरं परत डब्याकडे वळतात ती इथेच. याला हौस म्हणणं मला तरी पटत नाही.

तोंडानं घ्यायच्या काही स्टेरॉइडनं लिव्हर बिघडून कावीळ होते. मुलींचा आवाज घोगरा होतो, तो पुन्हा पहिल्यासारखा होईलच असं नाही. वाढत्या वयात हाडांची टोकं लवकर जुळतात, उंची तिथेच थांबते.

(दृश्य : डब्यामागची बारीक अक्षरं.)

पण डब्यावर तर स्टेरॉइड लिहिलेलंच नव्हतं! जर्मनीत कलोनच्या डोपिंग प्रयोगशाळेनं १३ देशांतून ६३४ सप्लिमेंट गोळा करून तपासली. एकाही लेबलवर हार्मोनचा उल्लेख नव्हता. ९४ मध्ये स्टेरॉइड निघाले. अहवाल २००४ चा. कधी त्याच यंत्रावर आधी दुसरा माल काढलेला असतो, कधी परिणाम दिसावा म्हणून मुद्दामच मिसळतात. आपल्याकडच्या डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना क्रमांक असतो. तो धंद्याच्या परवान्याचा. हा डबा स्टेरॉइडसाठी तपासलाय, असा त्याचा अर्थ नाही.

(दृश्य : दवाखाना, मग घर.)

डॉक्टरांनी विचारलं, “काय घेतोस?”

“काही नाही, सर. सप्लिमेंट.”

“डबा घेऊन ये.”

डबा ओट्यावरच होता. आईनं स्वच्छ धुऊन त्यात तूरडाळ भरून ठेवली होती.