परदेशातला बाजार बघायचाय? आधी मिरचीचं दुकान शोधा

[कोल्हापूर, लक्ष्मीपुरी बाजार, रविवार सकाळ. मागं मिरचीची पोती, गर्दी. कॅमेऱ्याकडं बघत.]

नमस्कार मंडळी! आवाज नीट येतोय ना? मधेच ठसका लागला तर समजून घ्या, कारण मी उभा आहे तिथं चारही बाजूंनी मिरची आहे. उन्हाळा, त्यात रविवारचा बाजार. वर्षाच्या चटणीची खरेदी चाललीय आणि मधोमध मी ट्रायपॉड लावून बसलोय. दोन शिव्या आत्ताच खाऊन झाल्यात.

आजचा विषय आहे परदेशातल्या मंडया. फिरायला गेल्यावर तिथला खाण्यापिण्याचा बाजार कसा बघायचा?

आपण काय करतो? फोनवर यादी असते, ‘हे दहा पदार्थ खाल्ल्याशिवाय येऊ नका’. रांगेत उभं राहायचं, खायचं, फोटो काढायचा, बाहेर. पोट भरतं, बाजार मात्र कळत नाही. माझं म्हणणं असं की खाण्याच्या गाड्या नंतर. आधी तिथं जा, जिथं घरी स्वयंपाक करणारी माणसं सामान घेतात. आणि तुम्ही कोल्हापूरचे असाल तर सरळ वाळल्या मिरचीच्या दुकानात शिरा. या एका विषयात आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

[हातात मिरच्या, क्लोजअप]

ही ब्याडगी. सालीवर सुरकुत्या, बी कमी, तिखटपणा अगदी बेताचा. हिचं काम रंगाचं. ही संकेश्वरी, लांब, सडपातळ. चव आणि झणका दोन्ही हिच्याकडं. आणि ही लवंगी, हिला हात लावून डोळे चोळू नका. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं, आणि प्रत्येक घराला आपलंच बरोबर वाटतं.

आता माझ्या मागच्या मावशींकडं बघा. मूठभर मिरच्या उचलल्या, कानाजवळ हलवल्या. बी खुळखुळली, म्हणजे वाळलीय. मग एक मोडली. कडकन तुटली तर ठीक, नुसतीच वाकली तर ओल आहे, आणि मग मिरचीच्या भावात पाणी विकत घेतल्यासारखं होतं. देठाजवळ काळपट दिसलं की पोतं तिथंच सोडून मावशी पुढं. अर्ध्या मिनिटाचा कारभार. नाव, भाव सगळं नंतर.

हेच डोळे घेऊन इस्तंबूलला चला. एमिनोन्यू घाटाजवळ मसाल्यांचा जुना, छताखालचा बाजार आहे, मिसर चार्शसी. १६६४ मध्ये बांधून झाला, शेजारच्या नव्या मशिदीच्या आवाराचा भाग म्हणून. गाळ्यांच्या भाड्यातून मशिदीचा खर्च भागायचा. आत कमानी, दिवे, मसाल्यांचे टोकदार ढीग, हातात चहाचा पेला देणारे दुकानदार. बघायला झकास. पण बाहेर पडून बाजूच्या हासर्जलार गल्लीत गेलात की पिशव्या घेतलेली तिथली माणसं दिसायला लागतात. अंबाबाईच्या देवळाजवळच्या महाद्वार रोडला शनिवार-रविवारी, बाहेरच्यांच्या गर्दीत, आपण स्वतः कितीदा खरेदीला जातो, आठवून बघा. तसंच आहे हे.

तिथं तुम्हाला एक मिरची दिसेल, भरड कुटलेली, जवळजवळ काळी. नाव इसोत, उर्फा भागातली. आपली पहिली प्रतिक्रिया काय? ‘खराब माल!’ आत्ता मावशींनी जे पोतं नाकारलं, त्याच रंगाचं हे, आणि लोक आवडीनं घेतायत. कारण तो रंग मुद्दाम आणलेला असतो. दिवसा मिरची उन्हात वाळवायची आणि रात्री गुंडाळून ठेवायची, म्हणजे आतली ओल आतच फिरते. असं दिवसेंदिवस चाललं की रंग गडद होतो, तिखटपणा सौम्य राहतो आणि धुराची, थोडी मनुक्यासारखी चव उतरते. पुढं मीठ आणि तेलाचा हात. आपण ज्या ओलीला घाबरतो, तीच ओल तिथं कामाला लावलीय. हे कबाब खाऊन कळलं नसतं, दुकानात उभं राहून विचारल्यावर कळतं.

आणि मिरचीच्या घरी जायचं तर मेक्सिको. मिरची मूळची अमेरिका खंडातली, आपल्याकडं पोर्तुगीजांमुळं सोळाव्या शतकात आली. त्यामुळं तांबडा रस्सा शिलाहार राजांच्या, म्हणजे मिरची यायच्या कितीतरी आधीच्या, काळापासून चालत आलाय असं कुणी ठासून सांगितलं तर हसून ‘हो का’ म्हणा आणि वाटी पुढं करा. मेक्सिको सिटीतल्या ला मर्सेद बाजारात वाळल्या मिरच्यांच्या ओळीच्या ओळी आहेत. पोब्लानो वाळली की तिला आंचो म्हणतात. पिकलेली हालापेन्यो धुरावर वाळवली की ती चिपोत्ले. ग्वाहियो गुळगुळीत सालीची, लालभडक, तिखटाला बेताची. तिच्याकडून रंग घेतात. म्हणजे काम ब्याडगीचंच! मोले नावाच्या त्यांच्या रश्शात अशा दोन-तीन मिरच्या एकत्र येतात, आणि त्यांचंही प्रमाण घराघरात वेगळं. तिथल्या बाईला ‘रंगाला कुठली, तिखटाला कुठली?’ एवढं मोडक्या भाषेत, खुणा करून विचारा. लगेच कळतं तिला, की गिऱ्हाईक कच्चं नाही.

[कट. चालत, बाजाराच्या कडेनं.]

आता वेळ. आपला हा बाजार रविवारी भरतो, म्हणून सगळीकडं रविवारी बाजार असेल असं धरून चालू नका. बार्सिलोनाचा बोकेरिया रविवारी बंद. टोकियोचा तोयोसू रविवारी बंद, आणि बऱ्याच बुधवारीसुद्धा. तिकीट काढायच्या आधी तिथलं कॅलेंडर बघा.

तोयोसूचं सांगतो. टोकियोतल्याच त्सुकिजीचा घाऊक मासळी बाजार ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथं हलला. त्सुकिजीत बाहेरची किरकोळ दुकानं राहिली. ट्यूनाचा लिलाव पहाटे होतो आणि तो गॅलरीतून बघता येतो. तिथं मासा बघू नका, व्यापारी बघा. शेपटीजवळ काप दिलेला असतो, तिथं टॉर्च मारून आतला रंग बघतात, मांसाचा कण बोटांत चोळून चरबीचा अंदाज घेतात, आणि मग बोटांच्या खुणांनी बोली. आपल्या शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे ज्यानं बघितलेत, त्याला हा खेळ ओळखीचा वाटेल. रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, रंग बघायचा, कण बघायचा, मग भाव. कोल्हापुरात राहून सौदे न बघता टोकियोचा लिलाव बघायला जाणारे लोक आहेत, त्यांच्याबद्दल मी काही बोलत नाही.

खाणं राहिलंच की! मेक्सिकोतल्याच ओआहाका शहराच्या ‘वीस नोव्हेंबर’ नावाच्या बाजारात एक धुरानं भरलेला बोळ आहे. कच्चं मांस वजनावर निवडायचं, समोर निखाऱ्यावर भाजून घ्यायचं. रोट्या, कांदा, चटणी दुसऱ्यांकडून, त्यांचे पैसे वेगळे. मटण आपण आणून द्यायचं आणि करणावळ वेगळी द्यायची, हा हिशेब ज्याला माहीत आहे त्याची तिथं गडबड होत नाही. सिंगापूरच्या हॉकर सेंटरात, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या आवारात, रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर बसू नका, ते आपल्या एसटीतल्या रुमालाचं काम करतंय. खाऊन झाल्यावर ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा. २०२१ पासून न ठेवणाऱ्याला दंडाचीही तरतूद आहे. क्योटोच्या निशिकी बाजारात चालता चालता खाऊ नका, घेतलं तिथंच उभं राहून संपवा.

आणि फोटो. बोकेरियात फोटोवाल्यांची इतकी गर्दी झाली की गावातल्या लोकांना भाजी घेता येईना. २०१५ मध्ये तिथं शुक्रवारी-शनिवारी गर्दीच्या वेळी पंधरा किंवा जास्त लोकांच्या गटांना बंदी घालावी लागली. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस पिळताना कुणी मधे सेल्फी स्टिक घातली तर गवळी काय बोलेल? तेच सगळीकडं बोलतात, फक्त आपल्याला समजत नाही. आधी काहीतरी विकत घ्या, मग विचारून फोटो काढा.

शेवटचं, कारण हे दर वेळी विचारता: घरची कांदा-लसूण चटणी बरोबर नेऊ का? ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला उतरणार असाल तर खाण्याची वस्तू फॉर्मवर लिहावीच लागते. लिहिलेली वस्तू फार तर काढून घेतील. लपवलेली सापडली तर मोठा दंड. आणि पुड्या दोन प्लास्टिकमध्ये बांधा, तेल सुटतं.

पुढच्या व्हिडिओत मार्केट यार्डातले गुळाचे सौदे. दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचे सौदे निघतात, तेव्हाच शूट करणार आहे. चला, मावशी म्हणतायत ट्रायपॉड काढ.