धातूला टेकलेलं पाणी

(दृश्य: काचेचा छोटा घट, तळाशी सोन्याची चकचकीत चकती, तिच्यावर लेसरचा तांबडा ठिपका.)

या घटात पाणी भरपूर आहे. आपल्याला मात्र सोन्याला टेकलेलं पाणी हवंय, रेणूंच्या एकदोन थरांपुरतं. मिलिमीटरभर पाण्यात असे तीस लाखांच्या आसपास थर मावतात. विद्युत अपघटनात पाणी फुटून हायड्रोजन सुटतो, तो नेमका या अगदी शेवटच्या थरात.

1928 साली कलकत्त्यात रामन आणि कृष्णन यांनी दाखवलं की रेणूंवरून विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग रंग बदलतो. रेणू कसा कंप पावतोय, ते त्या बदलावरून कळतं. पण हा प्रकाश फार क्षीण, आणि पाण्याचा तर आणखीच. जीवशास्त्रज्ञांच्या ते पथ्यावर पडतं, कारण पाणी मध्ये लुडबुडत नाही. इथे तर पाणीच पाहायचंय!

(दृश्य: खरबरीत चांदी, सूक्ष्मदर्शकातून.)

1974 साली साउदॅम्प्टनला फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅकक्विलन यांनी चांदीचा इलेक्ट्रोड मुद्दाम खरबरीत केला. त्यावर चिकटलेल्या पिरिडिन या सेंद्रिय द्रव्याचा वर्णपट ठळक उमटला. पृष्ठभाग वाढला म्हणून, असं त्यांना वाटलं. 1977 मध्ये अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये दोन गटांनी हिशेब मांडला: प्रकाशातली वाढ लाखपटींची होती, नुसत्या पृष्ठभागानं ती भरून निघेना. चांदीच्या बारीक उंचवट्यांवर प्रकाशामुळे इलेक्ट्रॉन एका लयीत हेलकावतात आणि तिथलं विद्युतक्षेत्र प्रचंड वाढतं, हे पुढे उलगडलं.

तरी पेच राहिलाच. खरबरीत चांदीवर प्रत्येक जागा वेगळी. कुठला रेणू कुठे तोंड करून बसलाय, हे सांगायचं कसं?

2010 साली चीनमधल्या शियामेन विद्यापीठातून उत्तर आलं. सुमारे 55 नॅनोमीटरचे सोन्याचे कण, त्यांवर सिलिकाचं दोन-चार नॅनोमीटरचं कवच. हे कण गुळगुळीत स्फटिकावर पसरायचे. आतलं सोनं संकेत वाढवतं, कवच त्याला रासायनिक क्रियेपासून दूर ठेवतं. या सगळ्या प्रवासातली मला सर्वांत सुंदर वाटते ती ही युक्ती.

(दृश्य: सजीव आराखडा. विद्युतदाब ऋण होत जातो.)

आता दाब ऋण करत नेऊ. आधी पाण्याचे रेणू सोन्यावर जवळजवळ आडवे. मग एकेक हायड्रोजन धातूकडे वळतो. आणखी ऋण केलं की दोन्ही. गुळगुळीत सोन्यावरचं हे वळणं 2019 साली प्रसिद्ध झालं.

2021 मध्ये शियामेन विद्यापीठातल्याच संशोधकांनी पॅलेडियमवर आणखी एक गोष्ट टिपली. द्रावणातल्या सोडियमच्या आयनांना बिलगलेलं पाणी ऋण दाबाला धातूच्या जवळ ओढलं जातं, शिस्तीत लागतं आणि अधिक सहज फुटतं. म्हणजे हायड्रोजन किती वेगानं सुटेल, हे एकट्या धातूवर ठरत नाही. पाण्यात विरघळलेला क्षारही त्यात हात घालतो.