नाव न घालता दिलेले दान

अध्यक्ष महोदय आणि बंधू-भगिनींनो,

ऑक्टोबरच्या शेवटून दुसऱ्या रविवारी जगभरच्या कॅथॉलिक चर्चमध्ये मिशन रविवारची वर्गणी जमते. तो पैसा गरीब प्रदेशांतील धर्मप्रांतांकडे, म्हणजे एकेका बिशपच्या अखत्यारीतील भागांकडे, तिथल्या धर्मशिक्षकांकडे आणि धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनऱ्यांकडे जातो. शाळेसाठी किंवा दवाखान्यासाठी मदत मागितली, तर आपण चटकन हात पुढे करतो. पण ज्यांच्या धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, दूरदूरच्या वाड्या येतात आणि काही ठिकाणी महिनोन्‌महिने मिस्सा, म्हणजे फादरांनी करायची मुख्य उपासना, होत नाही, अशा फादरांच्या प्रवासखर्चासाठी, किंवा त्यांच्या गैरहजेरीत दर रविवारी प्रार्थना चालवणाऱ्या, आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या आणि मयताच्या घरी सर्वांत आधी पोहोचणाऱ्या धर्मशिक्षकाच्या मानधनासाठी देणारे थोडे. मला हेच दान फार मोलाचे वाटते, कारण ज्या वस्तीत दुसरे कोणी मुक्कामाला राहत नाही तिथे हा माणूस राहतो.

या वर्गणीचे मूळ फ्रान्समधील ल्यों शहरात आहे. रेशीम व्यापाऱ्याची मुलगी पोलिन जारिको हिने गिरणीतल्या कामगार मुलींना आठवड्याला एक सू, म्हणजे अगदी किरकोळ नाणे, बाजूला काढायला सांगितले. एकीने दहाजणींकडून पैसे जमवायचे आणि अशा दहा गटांची रक्कम पुढे एकीकडे सोपवायची, अशी तिची साधी पद्धत होती. 3 मे 1822 रोजी त्यातून श्रद्धाप्रसार संस्था उभी राहिली. मदत मुळात अमेरिकेतील लुइझियानासाठी मागितली गेली होती. परंतु संस्थापकांनी ती कोणा एका मिशनपुरती न ठेवता सर्वांसाठी खुली केली, आणि हा निर्णय मला जारिकोबाईंच्या पद्धतीइतकाच थोर वाटतो. त्या काळी मदत घेणारी अमेरिका 1908 पर्यंत रोमच्या लेखी मिशन प्रदेशच, म्हणजे चर्चची घडी अजून पुरती न बसलेला प्रदेश, होती. आज तिथूनच मोठी वर्गणी येते.

1889 मध्ये जान बिगार ही फ्रेंच बाई आणि तिची आई यांनी स्थानिक धर्मगुरू घडवण्यासाठी वेगळी संस्था काढली. सेमिनरीत वर्षानुवर्षे चालणाऱ्या शिक्षणाचा आणि जेवणखाणाचा खर्च गरीब धर्मप्रांताला पेलत नाही. पुण्यात नगर रस्त्यावर असलेली, 1893 मध्ये श्रीलंकेतल्या कँडीत सुरू होऊन 1955 मध्ये पुण्याला आलेली पेपल सेमिनरी पाहिलेल्यांना हे काम किती मोठे आहे, हे सांगायला नको.

आपण परदेशात राहणारी माणसे इथून वसईच्या, नगरच्या आपापल्या चर्चला देतो, ते जरूर देत राहावे. मात्र ज्या धर्मग्रामाचा एकही माणूस परदेशी गेलेला नाही, त्याच्यासाठी मागणारे कोणी नसते. म्हणून यंदा थोडी रक्कम गावाचे नाव न घालता मिशन रविवारच्या सामायिक निधीत द्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.