झाकणं काढून ठेवा

(टोक्योतल्या मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं संपादित केलं आहे.)

नमस्कार मंडळी.

कार्यकारिणीने मला विषय दिला तो ‘टोक्योतलं रोजचं जगणं’. इथे वीस वर्षं काढल्यावर त्यावर खूप बोलता येईल. लोकलमधली शांतता, फलाटावरच्या रांगा, शाळेत स्वतःचा वर्ग स्वतः पुसणारी मुलं, हे आपण सगळेच रोज बघतो. मी मात्र एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे, ती म्हणजे कचरा. जेवणं अजून व्हायची आहेत याची मला कल्पना आहे. तरीही हाच विषय घेते, कारण हे शहर मला जे काही थोडंफार कळलं, ते कचऱ्याच्या पिशवीतून कळलं.

मी 2004 मध्ये टोक्योच्या पूर्वेकडे निशिकासाईला राहायला आले. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात मी सकाळी खाली ठेवलेली पिशवी गाडीने नेलीच नाही. बाकी सगळ्या गेल्या, माझी एकटी कावळ्यांनी फाडू नये म्हणून टाकलेल्या जाळीखाली पडून राहिली. तिच्यावर चिठ्ठी चिकटवलेली होती, पण मला अक्षर वाचता येत नव्हतं. संध्याकाळी दार वाजलं. तळमजल्यावरच्या आजी उभ्या होत्या, हातात माझी पिशवी. आत कढीपत्त्याच्या काड्या आणि तूरडाळीचं रिकामं पाकीट होतं. ती कुणाची हे ओळखायला त्यांना वेळ लागला नसणार.

मला वाटलं, आता बोलणी बसणार. आजींनी माझ्या दारात वर्तमानपत्र पसरलं, गुडघ्यावर बसल्या आणि पिशवी त्यावर उपडी केली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला जपानी. त्यांनी पाण्याची बाटली उचलली, झाकण काढून एकीकडे ठेवलं, वरचा कागद सोलून दुसरीकडे, बाटली माझ्या बेसिनमध्ये विसळली आणि पायाखाली चेपली. दुधाचा खोका कात्रीने उभा कापून उघडला, धुतला, खिडकीत वाळत घातला. मग प्रत्येक ढिगाकडे बोट दाखवून कॅलेंडरवरचा वार दाखवला. जळणारा आठवड्यातून दोनदा. बाटल्या, डबे, कागद यांचा दिवस वेगळा. काच-चिनीमाती महिन्यातून दोनदा. आणि सगळं सकाळी आठच्या आत, आदल्या रात्री नाही. रात्री ठेवलं की कावळे फाडतात, आणि मग तो पसारा ज्याची त्या आठवड्याची पाळी असेल त्याला झाडावा लागतो. त्या आठवड्याची पाळी त्यांचीच होती, हे मला खूप नंतर कळलं.

त्या सुट्टीत पुण्याला गेले तेव्हा मी ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. ऐकणाऱ्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, “जपानी लोकांच्या रक्तातच आहे गं ते. आपल्याकडे नाही जमायचं.” मीही तेव्हा ‘हो’ म्हणाले. इथे बसलेल्यांपैकी अनेकांनी हे वाक्य ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. आज मला ते ‘हो’ परत घ्यायचं आहे.

कारण पुढे जपानी बऱ्यापैकी यायला लागल्यावर आजींनीच मला त्यांची गोष्ट सांगितली. त्या लग्न होऊन नदीपलीकडे कोतो वॉर्डात आल्या होत्या, मिनामिसुनाला. तोझाई मेट्रो लाइनने ऑफिसला जाताना आराकावा नदी ओलांडली की पहिलं स्टेशन लागतं, तो भाग. 1965 च्या उन्हाळ्यात त्यांचं पहिलं मूल तान्हं होतं. त्या सांगत, भात वाढला की पांढरा दिसायच्या आत काळा व्हायचा. माशा. त्या दोघं नवरा-बायको मच्छरदाणी लावून आत जेवायला बसत.

त्या माशा येत होत्या युमेनोशिमावरून. नावाचा अर्थ ‘स्वप्नांचं बेट’. समुद्र भरून तयार केलेल्या त्या बेटावर 1957 पासून टोक्योचा कचरा टाकत होते, जसाच्या तसा, भाजीपाल्यापासून मासळीच्या डोक्यांपर्यंत. जुलै 1965 मध्ये माशा इतक्या झाल्या की बेटावर तेल ओतून ते पेटवून देण्यात आलं. पुढे तिथली जागा भरली तेव्हा कचरा त्याच्याच पुढच्या बेटावर जाऊ लागला. वॉर्ड मात्र तोच, कोतो. अख्ख्या शहराचे हजारो ट्रक रोज त्याच लोकांच्या दारावरून पाणी गाळत जायचे.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, पश्चिमेला, सुगिनामी वॉर्ड. चांगली वस्ती, झाडी, शिकलेली मंडळी. तिथे कचरा जाळण्याचा कारखाना उभा करायचं ठरत होतं. लोक म्हणाले, आमच्याकडे नको. त्यांच्या बाजूनेही कारणं होती, जमिनी जाणार होत्या, धुराची भीती होती. पण तोवर त्यांचा कचरा कुठे जात होता? आजींच्या दारावरून.

सप्टेंबर 1971 मध्ये टोक्योचे गव्हर्नर मिनोबे र्योकिची यांनी विधानसभेत जाहीर केलं की हे ‘गोमी सेन्सो’ आहे, म्हणजे कचरायुद्ध. आणि 1972 च्या डिसेंबरात, मग पुन्हा 1973 च्या मे महिन्यात, कोतोच्या लोकांनी रस्त्यात उभं राहून सुगिनामीचे ट्रक अडवले. बाकीच्यांचे सोडले, सुगिनामीचे अडवले. सुगिनामीच्या गल्ल्यांत पिशव्यांचे ढीग साचले. कोतोचं म्हणणं एवढंच होतं की ज्याचा कचरा त्याने आपल्या वॉर्डात निस्तरावा, निदान त्याची झळ सगळ्यांनी वाटून घ्यावी. 1974 मध्ये न्यायालयात तडजोड झाली आणि 1982 मध्ये सुगिनामीचा कारखाना उभा राहिला.

आजी त्या रस्त्यावर होत्या का, असं मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, “मी पाठीवर मूल बांधून चहा पोचवत होते.”

मंडळी, 2004 मध्ये माझ्या दारात गुडघ्यावर बसलेली बाई ही होती. माझ्या बाटलीचं झाकण काढताना तिला रक्तातलं काही आठवत नव्हतं, काळा पडलेला भात आठवत होता. इथल्या लोकांना ही सवय त्या भांडणाने लावली. ज्यांना वास सोसावा लागत होता त्यांनी एक दिवस ‘आता पुरे’ म्हटलं, आणि मग बाकीच्यांना शिकावं लागलं.

आणि इथे मला माझ्याबद्दल सांगायला हवं. मी वाढले कोथरूडला. माझं आजोळ फुरसुंगी.

पुण्याच्या मंडळींना यापुढचं सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगते. उरुळी देवाची आणि फुरसुंगी या दोन गावांच्या शिवारात ऐंशीच्या दशकापासून पुण्याचा कचरा डेपो आहे. मे महिन्यात आम्ही मामाकडे जायचो तेव्हा एस्टीतून उतरायच्या आधी वास यायचा. मामाच्या विहिरीचं पाणी आधी पिवळसर झालं, मग त्याला तवंग यायला लागला, मग पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट बघणं सुरू झालं. त्या विहिरीत मी पोहायला शिकले होते. आमच्या कोथरूडच्या घरातलं केळीचं साल, फुटलेला कप, गणपतीचं निर्माल्य सोडून उरलेलं सगळं त्याच शिवारात जात होतं, आणि मला ते कधी जोडताच आलं नाही. मामीच्या हातचं जेवायचं आणि तिच्या विहिरीत आपलीच घाण मुरते आहे हे कळायचं नाही, असं ते बालपण होतं.

फुरसुंगीच्या लोकांनीही ट्रक अडवले. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. 2017 च्या उन्हाळ्यात डेपोला आग लागली आणि गावकऱ्यांनी तीन आठवड्यांच्या आसपास गाड्या आत येऊ दिल्या नाहीत. तेव्हा शहरातल्या एका लग्नात मी ऐकलं की “हे गावकरी फार आडमुठे झालेत.” मी तिथून उठले. भांडले नाही, नुसती उठले. भांडायला हवं होतं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. 2019 मध्ये आईच्या पायाचं ऑपरेशन झालं म्हणून मी दोन महिने पुण्यात होते. टोक्योच्या सवयीने मी आईच्या घरचा कचरा वेगळा केला, बाटल्या धुतल्या, कागद बांधून ठेवला. सकाळी कचरा घ्यायला ‘स्वच्छ’च्या मावशी आल्या. मी बाटल्यांची पिशवी त्यांच्या हातात दिली. त्यांनी आत बघितलं आणि म्हणाल्या, “ताई, धुतल्या ते बरं केलं. पण झाकणं नाही काढली. झाकणाचा माल वेगळा जातो.”

मी तिथेच जिन्यात बसले. मला दारात वर्तमानपत्र पसरून बसलेल्या आजी दिसल्या. साडेसहा हजार किलोमीटरवर एकमेकींचं नावही माहीत नसलेल्या दोन बायांनी मला अगदी एकच धडा दिला होता.

‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था. त्याआधी 1993 मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्यासारख्यांच्या पाठिंब्याने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली होती, त्यातूनच पुढे ही निघाली. 2008 मध्ये पालिकेशी करार होऊन दारोदार कचरा गोळा करण्याचं काम या बायकांच्या हातात आलं. तीन हजारांहून जास्त सभासद आहेत, बहुतेक बायका, बहुतेक दलित. अनेकींची कुटुंबं 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून पुण्यात आलेली. म्हणजे इकडे कोतोत ट्रक अडवत होते, त्याच सुमारास तिकडे या बायकांच्या आया डोक्यावर बोचकं घेऊन पुण्याच्या रस्त्यावर उतरल्या होत्या. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, एवढी साधी विनंती त्यांना शहराला करावी लागली, कारण ते हाताने उघडावं लागत होतं. कुणाला? आजही आईच्या सोसायटीत सगळे तो ठिपका काढत नाहीत. सुशिक्षित सोसायटी आहे.

तेव्हा ‘आपल्याकडे नाही जमायचं’ असं म्हणताना ते कुणाला उद्देशून म्हणतोय हे आपण बघायला हवं. पुण्यात प्लास्टिकचे प्रकार आणि त्यांचे भाव हातात घेताच ओळखणाऱ्या हजारो बायका आहेत. इतकं ज्ञान मला या टोक्योत कुणा सामान्य घरात दिसलेलं नाही. जमत नाही ते आम्हाला, वरच्या मजल्यावरच्यांना.

टोक्योची आरती ओवाळायला मी उभी नाही. इथे एकेका बिस्किटाला वेगळं वेष्टण असतं. दुकानातल्या पिशवीला पैसे पडू लागले ते 2020 च्या जुलैपासून, म्हणजे किती उशिरा. आपण जे इतकं निगुतीने वेगळं करतो त्यातलं बरंच शेवटी जाळलंच जातं. जाळून कचरा विसाव्या हिश्शावर येतो, पण राख उरते, आणि ती टाकायला टोक्योच्या उपसागरात आता एक शेवटचीच जागा राहिली आहे. आजी म्हणतात, “आधी कमी घ्या, मग धुवा.” मुलांचे वाढदिवस करताना मला हे अजून नीट जमलेलं नाही.

गेल्या शरद ऋतूत आई इथे आली होती. तिला मी युमेनोशिमाला नेलं. ते बेट आता बाग आहे. शिन-किबा स्टेशनवरून चालत जाता येतं. तिथे मोठं काचघर आहे, आत केळी, जास्वंद, नारळ, आपल्याकडची हवा. शेजारीच कोतोचा कचरा जाळण्याचा कारखाना आहे आणि त्याच्या उष्णतेवर ते काचघर उबदार राहतं. त्याच बेटावर 2021 च्या ऑलिंपिकचं तिरंदाजीचं मैदान होतं. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव तिथे खेळला. प्रेक्षकांना बंदी होती, त्यामुळे इथून सायकलने जाता येईल इतक्या अंतरावर आपला साताऱ्याचा मुलगा बाण मारत होता आणि मी तो टीव्हीवर बघत होते. हे आईला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, “म्हणजे आपण उभ्या आहोत त्याच्या खाली अजून कचराच आहे?” हो म्हटलं. ती बराच वेळ जास्वंदीजवळ उभी होती. मग म्हणाली, “दादाची विहीर आधी, चांगली होती तेव्हा बघायला हवी होती गं तू. मी लहान होते तेव्हा तळ दिसायचा.”

तिला काय उत्तर द्यायचं ते मला सुचलं नाही. परतीच्या गाडीत ती झोपली.

सुट्टीत घरी जाल तेव्हा इथल्या स्वच्छतेचं कौतुक जरूर सांगा. पण सांगाल तेव्हा मच्छरदाणीतला भात आणि अडवलेले ट्रकही सांगा. आणि आपल्या जिन्यात सकाळी येणाऱ्या मावशींना विचारा की त्यांना माल कसा हवा आहे. त्या सांगतात. आजवर विचारलं कुणी नाही.

आता जेवणं आहेत. या सभागृहात कचरा ठेवायला परवानगी नाही, सगळा आपल्याला घरी न्यायचा आहे. दाराजवळ पिशव्या ठेवल्या आहेत. उष्ट्याच्या वेगळ्या, कागदी ताटांच्या वेगळ्या, बाटल्यांच्या वेगळ्या. दरवर्षी त्याच चार स्वयंसेवकांच्या घरी त्या जातात. आज ज्यांना जमेल त्यांनी जाताना एकेक उचला. बाटल्यांची झाकणं मुलं काढून देतील, त्यांना मी सांगितलं आहे.