जुनं डिफरन्शियल घेण्याआधी

रावेर-यावलच्या केळीने भरलेली पिकअप चाळीसगावहून कन्नडचा घाट चढते, तेव्हा इंजिनाचा सगळा जोर शेवटी चाकांना जोर वाटून देणाऱ्या डिफरन्शियलमधल्या पिनियनच्या, म्हणजे लहान गिअरच्या, दोन-तीन दातांवर येतो. त्यात माल पासिंगपेक्षा जास्त असला की ते दात लवकर जातात. मग क्राउन (मोठा गिअर) आणि पिनियनची नवी जोडी, बेअरिंगं, सील आणि मजुरीचा आकडा ऐकून मालक जुन्या मालाकडे वळतो. त्यात गैर काही नाही. चांगलं जुनं डिफरन्शियल अजून बरीच वर्षं काम देतं. पण "तुमच्याच गाडीचं आहे भाऊ, बसेल" एवढ्या शब्दावर पैसे देऊ नका. एकाच नावाच्या गाडीत साल बदललं, इंजिन बदललं की रेशो, म्हणजे क्राउन आणि पिनियनच्या दातांचं प्रमाण, बदललेला असतो. हाउसिंग, म्हणजे वरचं कवच, बाहेरून सारखंच दिसतं, आत दात वेगळे निघतात.

म्हणून पहिलं काम रेशो काढणं. झाकण उघडता आलं तर क्राउनचे दात मोजा आणि पिनियनच्या दातांनी भागा. जुन्या जीपच्या जातीत 43 ला 8, म्हणजे 5.375, आणि 39 ला 8, म्हणजे 4.875, असे दोन्ही सापडतात. झाकण उघडता येत नसेल तर एका बाजूचा ड्रम पक्का धरून ठेवा आणि पुढची फ्लँज, म्हणजे पिनियनला प्रॉपेलर शाफ्ट जोडायची चकती, हाताने फिरवा. दुसऱ्या बाजूला खडूची खूण करा. एक बाजू अडवली की मोकळी बाजू क्राउनच्या दुप्पट फिरते, त्यामुळे तिचे 20 फेरे पूर्ण होईपर्यंत फ्लँजचे जितके फेरे झाले त्यांना 10 ने भागा. पावणेएकोणपन्नास फेरे आले तर 4.875, सव्वाएक्कावन्न आले तर 41 ला 8 वाली 5.125 ची जोडी. दोनच फेरे फिरवून अंदाज बांधलात तर हाच फरक जेमतेम पाव फेऱ्याचा उरतो आणि नजरेतून निसटतो.

रेशो चुकला तर काय होतं? आकडा मोठा असेल तर गाडी घाटात जोर धरते, पण हमरस्त्यावर इंजिन जास्त फिरतं. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सच्या मागून घेतलेली असेल तर काटा खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो. फोर बाय फोर गाडीत मात्र हा प्रश्न सोय-गैरसोयीचा राहत नाही. पुढचा आणि मागचा रेशो सारखाच हवा. नसेल तर कोरड्या डांबरावर फोर व्हील टाकताच ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) आणि जॉइंट पिळले जातात, आणि काहीतरी तुटतंच.

मग टेप काढा. हब ते हब अंतर, स्प्रिंगच्या पाट्यांच्या दोन बैठकांचं मध्य ते मध्य अंतर, चाकाच्या स्टडची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास, फ्लँजची भोकं, ड्रमचं माप, एक्सलच्या स्प्लाइन (टोकावरच्या उभ्या खाचा). गाडीला एबीएस असेल तर सेन्सरची जागा आणि दातेरी रिंगही बघा. काही महिंद्रा गाड्यांत आपोआप लॉक होणारं डिफरन्शियल येतं. हाताने सावकाश फिरवलं की तेही साध्यासारखंच वागतं, म्हणून तिथे आतला सांगाडा बघितल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

आता तब्येत. ऑइल काढायला सांगा. विकणारा नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा. आतल्या चुंबकावर करडी, लोण्यासारखी मऊ पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारा कण किंवा दाताचा तुकडा निघाला तर माल सोडा. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलेलं आहे. तापलेली गाडी पावसाळ्यात नाल्यात उतरली की हाउसिंगमधली हवा थंड होऊन आकसते आणि झिजलेल्या सीलमधून पाणी ओढून घेते. तशा मालाच्या बेअरिंगवर गंज धरलेला असतो.

दातांवर खड्डे, निळसर डाग किंवा मुळाशी चीर नको. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात आणि बहुधा दोन्हींवर जुळणारा क्रमांक असतो. क्रमांक वेगळे असतील तर कुणीतरी दोन जोड्या एकत्र केल्यात. ते डिफरन्शियल कितीही शिम (पातळ चकत्या) घातले तरी ओरडणार. पिनियन घट्ट धरून क्राउनच्या दातावर डायल गेज (बारीक हालचाल मोजायचं काट्याचं माप) लावा. लहान गाड्यांत बहुधा 0.10 ते 0.20 मिलिमीटर बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, असतो, अखेरचा आकडा त्या गाडीच्या पुस्तकातला. चार ठिकाणी मोजा. रीडिंग फार बदललं तर क्राउन वाकडा आहे किंवा बाजूचं बेअरिंग गेलं आहे. फ्लँज वर-खाली हलता कामा नये. हलली तर पिनियनची बेअरिंगं सैल झाली आहेत.

फक्त पिनियनचं सील बदलायचं असलं तरी नट सोडण्याआधी त्याच्या जागेची खूण करा. आत दबणारा स्पेसर (बेअरिंगांमधली नळी) असेल आणि नट अंदाजाने आवळला, तर बेअरिंगवर ताण जास्त येऊन ते तापतं.

बिलावर ज्या गाडीतून माल काढला तिचा क्रमांक, मोजलेला रेशो आणि परतीची मुदत लिहून घ्या. बिलाविना स्वस्त मिळालेला माल चोरीचा निघाला तर पोलिसांच्या फेऱ्या तुमच्याच मागे लागतील.

बसवताना ब्रीदर, म्हणजे हाउसिंगची हवा बाहेर सोडणारं तोंड, फुंकून मोकळा करा. तो बुजलेला असला की आतला दाब ऑइलला सीलमधून बाहेर ढकलतो आणि ते थेट ब्रेक लायनरवर जातं. हायपॉइड दातांना (पिनियन क्राउनच्या मध्यापासून बाजूला बसतो असे तिरके दात) जीएल-5 या दर्जाचंच गिअर ऑइल लागतं, सपाट जागेवर भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत. पहिल्या हजार किलोमीटरला ते काढून चुंबक पुन्हा बघा. कण टोचले तर मुदत संपायच्या आत बिल घेऊन दुकानात जा.